पाठ फिरवून बसायचं

११ नोव्हेंबर

बदली होऊन अंबडला आले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कोर्ट आजच उघडलं आणि साडेदहाला मी हजर. जालन्याहून एसटीनं तासाभराचा रस्ता, रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण ऑगस्टमध्ये आई गेली आणि जालन्याच्या घराचं कुलूप उघडायला मी एकटीच उरले. त्यापेक्षा इथली खोली बरी.

खोली खरंच छान मिळाली. खाली एक मोठी खोली, स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण, अंगणातून गच्चीवर जाणारा जिना. वर घरमालकीण केशरबाई राहतात. सामान उतरायच्या आधी त्यांनी चहा दिला आणि चहा संपायच्या आधी निम्म्या गल्लीची माहिती दिली. पाण्याचा तरास न्हाई म्हणाल्या, बोअर हाय, फक्त मोटर मी सांगल तव्हाच लावायची. मला ऐकायची सवय आहे. सोळा वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून तेच करते. लोक बोलतात, मी उतरवून घेते, मध्ये स्वतःचं काही घालत नाही.

बुद्धाची तसबीर लावली. खिळा एकच सापडला, म्हणून आईचा फोटो कपाटावर टेकवून ठेवला आहे.

१३ नोव्हेंबर

कोर्टातला शिपाई राधेश्याम अंकुशनगरच्या पलीकडच्या एका वस्तीवर राहतो. त्याच्या शेजारच्या घरी एक लहान कुत्री आहे, ती कुणाला तरी द्यायची आहे. आकांक्षा नावाच्या मुलीनं हौसेनं आणली आणि स्वतः नर्सिंगला पुण्याला गेली. मग कुत्री आजीपाशी होती, सगुणाबाईपाशी. आजी दसऱ्याच्या सुमारास वारली. आता आकांक्षाच्या आईला, शीतलला, ती नको झाली आहे. राधेश्याम म्हणाला, मॅडम, एकट्याच राहून राह्यल्या तुम्ही, सोबत व्हईल.

मी हो म्हटलं. आई गेल्यापासून मी सगळ्यालाच हो म्हणते, सोपं पडतं.

१५ नोव्हेंबर

आली. राधेश्यामनं मोटारसायकलवर पिशवीत घालून आणली, नुसतं डोकं बाहेर. नाव बुंदी आणि रंगही तसाच. मांजरापेक्षा जेमतेम मोठी. पिशवीतून सुटली ती थेट माझ्या कॉटखाली. मी केर काढायला झाडू उचलला तर बाहेर आली, फरशीला सपाट चिकटली, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली. कशाची वाट बघते ते कळलं. झाडू गच्चीवर ठेवून आले.

मी अंघोळीला गेले तेवढ्यात वाटीतला दूधभात खाऊन टाकला. हे चांगलं झालं.

१६ नोव्हेंबर

जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर तृप्ती म्हणून तरुण मुलगी आहे, हुशार वाटली. वजन चार किलो दोनशे. तिनं सांगितलेलं जसंच्या तसं उतरवते. घाई करायची नाही. कॉटखाली वाकून बघायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. रोज ठरलेल्या वेळी तिच्याकडे पाठ फिरवून जमिनीवर बसायचं, हात मागे न्यायचा, तळव्यावर घास ठेवायचा. घेतला तरी वळायचं नाही. आपण दुसऱ्या कशात तरी गुंतलोय असं तिला वाटलं पाहिजे. आणि जुन्या घरातलं एखादं कापड आणून तिच्या जागेवर टाकायचं, ओळखीच्या वासानं जीव थाऱ्यावर येतो.

वेळ सहाची ठरवली. डावा हात मागे ठेवीन, उजव्यानं ही वही लिहीन. गुंतल्यासारखं दिसेल.

१७ नोव्हेंबर, रविवार

राधेश्यामबरोबर शीतलकडे गेले. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या आणि कारखान्याचा तो गोडसर आंबूस वास. शीतल बोलायला चांगली आहे, पोहे केले, पदरानं खुर्ची पुसून दिली. मागच्या अंगणात पत्र्याची खोली दाखवली. सासूबाई आन कुत्री हितंच असायच्या म्हणाली. कडी बाहेरून होती.

जुनं कापड मागितलं तर तिनं लगेच गोधडी काढून दिली. हिरव्या लुगड्याची, जड, सासूबाईंच्या अंगाखालची. देताना तिला सुटल्यासारखं वाटलं. वर सांगितलं, कुत्री लई हावरी हाय ताई, चोरून खाती, किती मारलं तरी सुधारली न्हाई.

राधेश्यामचं तोंड मात्र उतरलं. मेलेल्या माणसाचं अंथरूण कुणी घरात न्हेत न्हाई मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, आमच्या बौद्धांत पुण्यानुमोदनाचा विधी झाला की संपलं, मागे काही राहत नाही. घरी येऊन गोधडी कॉटखाली सरकवली.

१९ नोव्हेंबर

वाटीतलं खाणं बंद झालं आहे. वाटीला वाळलेली साय तशीच.

पण सहाला कॉटकडे पाठ करून बसले आणि सातव्या मिनिटाला तळव्यावरचा भाकरीचा तुकडा उचलला गेला. मी वळले नाही. उठले तेव्हा तुकडा फरशीवर होता, ओला, चोखून टाकलेला. कोरडी भाकरी आवडली नसेल.

२१ नोव्हेंबर

अर्धी भाकरी दुधात कुस्करून तळव्यावर घेतली. सगळी खाल्ली. तळवा चाटून पुसून लख्ख. इतकं हळू खाते की एकदाही दात लागला नाही. हावरी कसली, शीतलला जनावर कळलंच नाही.

हात फार वेळ मागे राहतो म्हणून बोटांना मुंग्या येतात.

२४ नोव्हेंबर

आज खाणं झाल्यावर पाठीला काहीतरी येऊन टेकलं. सगळा भार टाकून. गार होतं, फरशीवर पडून असते त्यामुळे. मी हलले नाही. अर्धा तास तशीच बसून होते.

आई चार वर्षं अंथरुणावर होती. बहुतेक रोज संध्याकाळी सहाला कोर्टातून येऊन मी तिला भरवायचे. ती गेली त्या दिवशी मला रडू आलं नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर नव्हता, काही वाटतच नव्हतं. अजून वाटत नाही. फक्त सहा वाजले की हाताला काय करू ते कळायचं नाही. आता कळतं. आज बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

२६ नोव्हेंबर

बुंदीचं वजन तीन किलो पाचशे. डॉक्टर तृप्तीनं दोनदा करून बघितलं. खाते का विचारलं. मी म्हटलं, रोज माझ्या हातून. तिनं बुंदीच्या पाठीवरून बोटं फिरवली, बरगड्या मोजता येत होत्या. हिच्या पोटात काहीच नाही म्हणाली. जंताचं औषध दिलं.

येताना राधेश्यामच्या गाडीवर बुंदी थरथरत होती. घराची गल्ली लागली तशी जास्त.

२८ नोव्हेंबर

क्रमानं लिहिते.

सहाला बसले. सहा वाजून पाच मिनिटांनी तळव्यावर तोंड आलं. सव्वासहाला खाणं संपलं, पाठीला भार टेकला. तेव्हाच समोरच्या दारातून केशरबाई आत आल्या. त्यांच्या कडेवर बुंदी होती. म्हणाल्या, तुमची कुत्री पाण्याच्या टाकीमागं बसल्ती की, पाच वाजल्यापून, मी गच्चीवर वाळत घातलेली वळवटं काढून राह्यले तव्हापासून बघते, खाली यायलाच तयार न्हाई.

पाठीवरचा भार तसाच होता.

केशरबाईंनी माझ्या मागे पाहिलं. त्यांना काही दिसलं असं वाटलं नाही. फक्त विचारलं, तुमच्या पाठीला पदर वला कशानं झाला?

बुंदीला वर घेऊन जा म्हटलं. त्या गेल्या. थोड्या वेळानं भार गेला. मी उठून दिवा लावला. कॉटखाली वाकले. गोधडी होती, मधोमध खोलगट, कुणी बसून उठल्यासारखी. एवढा खळगा बुंदीचा नाही.

भीती वाटायला हवी होती. मी भांडी घासली.

२९ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत राधेश्यामला विचारलं. आधी टाळत होता. मग साक्षीदार एकदा बोलायला लागला की थांबत नाही, तसं झालं.

सगुणाबाई अंथरुणाला खिळलेली. जास्त खाल्लं की घाण करते म्हणून शीतल तिला दिवसाला अर्धीच भाकरी द्यायची, तीही कोरडी. म्हातारीच्या तोंडात एक दात नव्हता. म्हातारी चोखून ठेवून द्यायची आन उरलेलं कुत्रीला लोटायची, म्हणाला.

ती भुकेनंच गेली, वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. माती झाली त्या रात्री जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवला आणि वर पाटी झाकली. सकाळी पिठावर कसलं पाऊल उमटलंय ते बघतात आणि माणूस कोणत्या जन्माला गेलं ते ठरवतात. सकाळी पाटी उचलली तर पाऊल नव्हतं. पीठही नव्हतं. फरशी चाटून पुसून लख्ख.

कुत्रीनं खाल्लं असं सगळ्यांनी ठरवलं. झाडूनं मारली. दुसऱ्या दिवशी दुरडीतल्या भाकरी गेल्या, पुन्हा मारली. राधेश्याम म्हणाला, कुत्री तर बाहेर बांधेल व्हती मॅडम, म्या सोताच बांधल्ती.

३० नोव्हेंबर

गोधडी मागच्या रिकाम्या प्लॉटवर जाळली. राधेश्यामनं रॉकेल आणलं. ओली असल्यासारखी धुमसत होती. आज सहाला बसायचं नाही असं ठरवलं.

सहाला बसले.

मी का बसले ते लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. उशिरापर्यंत चालणाऱ्या तारखा असायच्या त्या दिवशी मीही आईला सकाळी अर्धीच भाकरी द्यायचे. दिवसभर कोरडी राहावी म्हणून. ती उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बघायची. मागायची नाही. महिन्यातून आठ-दहा दिवस, चार वर्षं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सहा वाजून दोन मिनिटांनी तळव्यावर तोंड आलं. गोधडी लागतच नव्हती.

१ डिसेंबर

बुंदीला वर केशरबाईंकडेच ठेवलं आहे. त्यांनी दूध दिलं, त्या जरा दुसरीकडे वळल्या, तेवढ्यात वाटी कोरडी. बुंदीचं तोंडही कोरडं. तीनदा तसंच झालं. केशरबाई आता माझ्याशी कमी बोलतात.

भाकरी उलटताना डावी दोन बोटं तव्याला चिकटली. वासानं कळलं. दुखलं नाही.

२ डिसेंबर

वजन दोन किलो नऊशे. सलाईन. डॉक्टर तृप्ती माझ्याकडे न बघता म्हणाली, उद्यापर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर राहणार नाही.

बुंदी माझ्या मांडीवर होती. माझ्या हाताचा वास घेतला, डाव्या — आणि तोंड फिरवलं. मग उजवा चाटला. पहिल्यांदाच. मला रडू आलं. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. ऑगस्टपासूनचं सगळं.

ही जगली पाहिजे.

हिच्या तोंडचं ती काढून घेते, कारण ती उपाशी आहे. आधी तिचं पोट भरलं तर — अर्ध्या भाकरीवर कुणाचं भरतं?

३ डिसेंबर

रजा टाकली. सकाळपासून भाकरी थापते आहे. बारा झाल्या. सगळ्या दुधात कुस्करून एकेकीचा गोळा केला, पातेलं मागे कॉटपाशी, डावा हात पोचेल असं. बुंदी समोर, तिची वाटी समोर. दार लावून घेतलं.

सहाला पाच कमी. हात मागे नेला.

—

आली.

सात भाकरी संपल्या. थांबत नाही. बुंदी वाटीकडे बघते, माझ्या मागे बघते, थरथरते. खा बाळा.

दहा.

बुंदीनं वाटीत तोंड घातलं. दूध हललं — गिळलं — दिसलं मला, गिळलेलं. वाटीत दूध आहे. कुणी नेलं नाही. मागे तोंड गुंतलेलं आहे तोवर कुणी नेणार नाही.

बारा. पातेलं रिकामं खरवडल्याचा आवाज.

आता पुन्हा तळव्यावर. भाकरी नाही तिथे. तरी —

दात नाहीत, म्हणून दुखत नाही. नुसतं चोखून — बोटं कळत नाहीत — मनगटापर्यंत काही कळत नाही. काढला हात तर ती वाटीकडे जाईल.

बुंदीनं शेपूट हलवली. एकदाच. किती छान खाते —

कोपरापर्यंत —

वळायचं नाही. बुंदीची वाटी अजून अर्धी आहे, ती संपेपर्यंत मी