सगळ्यांच्या नंतर विशाखा

मु. सचिन, जि. सुरत
१७ सप्टेंबर २०२३

आयु. छायाताईस,
प्रदीपचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तू मिरचीच्या पथारीवरून बोलतेस, तुला ठसका लागतो आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितो. तुझी विशाखा मजेत आहे. आमच्या आयटीआयमध्ये वेल्डरच्या वर्गात यंदा ती एकटीच मुलगी. तिथे मी शिकवतो, म्हणून ती मला 'सर' म्हणते. परवा घरी जेवतानाही, सर भाजी वाढू का, असं विचारून बसली. सगळे हसलो.

सरकारने यंदा खरंच हात सैल सोडला आहे. नवी शेड, नवी कोरी वेल्डिंग मशीन. उद्घाटनाला पाहुणे आले, फोटो निघाले. अडचण एकच. मशीनचा निधी वेगळा, रॉडचा वेगळा, आणि रॉडचा अजून मंजूर नाही. रॉड म्हणजे जोड देताना वितळून जाणारी कांडी. तिच्यावाचून ही मशीन म्हणजे दोऱ्यावाचून शिलाई मशीन. प्राचार्यांना विचारलं की ते गुजरातीत म्हणतात, थई जशे, होऊन जाईल. तोवर जुन्या शेडमधले उरलेले पुडे पुरवून वापरतो.

मामाच्या वर्गात भाची, असं कुणी बोट दाखवू नये म्हणून विशाखाला मी सगळ्यांच्या नंतर बोलावतो. ती कुरकुरत नाही. याचं मला बरं वाटतं, आणि इतकं बरं वाटतं म्हणून थोडी शंकाही येते.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझा
प्रदीप


नंदुरबार
८ ऑक्टोबर २०२३

चि. प्रदीप यास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या मंगलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणे, आता ही पोरगी सासरचं फाटक स्वतःच बसवणार. मी म्हटलं बसवेल, आणि सासर नाही पटलं तर काढूनही आणेल.

पण सगळ्यांच्या नंतर म्हणजे काय रे? बाबांचं खूळ तुझ्यात उतरलंय. जयंतीच्या जेवणाला वाढणाऱ्याच्या घरचे शेवटच्या पंगतीला, हा त्यांचा कायदा. आपण दोघं पातेलं खरवडून खायचो आणि बाबांची छाती फुगायची. पंगतीत चाललं ते. माझ्या पोरीला उरलंसुरलं नको. तुझे दाजी गेल्यापासून मी मिरचीचे देठ खुडतेय. पाण्यात हात घातला तरी बोटं पेटतात. तिची बोटं वाचावीत म्हणून तिला तुझ्याकडे धाडली. हजीऱ्याच्या कारखान्यांत तिला काम लागलं पाहिजे, बाकी मला काही समजत नाही. तुनं डोकं ठिकानावर शे ना?

राग मानू नको, आणि मानलास तरी उत्तर लिही.
तुझी
ताई


सचिन, सुरत
११ फेब्रुवारी २०२४

आयु. छायाताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावं ते ठरत नव्हतं. डायरीत लिहायचो आणि खोडायचो.

रॉड आलेले नाहीत. मी केलेली मागणी दोनदा परत आली, एकदा सही चुकीच्या जागी म्हणून, एकदा दरपत्रक जुनं म्हणून. आता प्रत्यक्ष काम क्वचितच होतं, आणि विशाखापर्यंत येता येता पुडा संपतो. मग मी तिला बंद मशीनवर उभी करतो. तोंडावर ढाल, चिमट्यात जळक्या रॉडचं थोटूक, आणि लोखंडी पट्टीवरून नुसता हात फिरवायचा. हात छान स्थिर आहे तिचा. पण रॉडच्या टोकाशी विजेचा आर्क पेटल्यावर वितळलेला धातू कसा पळतो, ते बंद मशीन कुठून शिकवणार?

पदरचा एक पुडा आणावा असं मनात आलं. तिच्यासाठीच आणला तर पक्षपात. वर्गासाठी आणला तर ती पुन्हा शेवटीच. मागच्या आठवड्यात चेतन नावाच्या मुलाने, त्याचे वडील कापडाच्या लूमवर कामाला असतात, सगळ्यांसमोर मला सांगितलं की सर, आज विशाखाला आधी घ्या, आम्ही थांबतो. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी घेतलं नाही. हे मामानेच पढवलं असेल, असं उद्या कुणी म्हणेल असं वाटलं. कोण म्हणालं असतं, ते आता सांगता येत नाही.

समजून घे, एवढंच मागतो.
तुझा
प्रदीप


सचिन, सुरत
२२ सप्टेंबर २०२४

आयु. छायाताईस,
जय भीम.

परीक्षेत विशाखा पास झाली, लेखीत वर्गात पहिली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. आजचं फोनवर सांगता येणार नाही.

काल तिला आणि चेतनला कामासाठी हजीऱ्याला एका ठेकेदाराच्या यार्डात नेलं होतं. दोन पट्ट्या जोडून दाखवायच्या होत्या. चेतनने दाखवल्या, त्याला लगेच घेतलं. विशाखाचा रॉड पहिल्याच झटक्याला पट्टीला चिकटला. दुसऱ्यांदा आर्क पेटला, पण जोडात भोकंच भोकं. तपासणाऱ्याने हातोडी मारली आणि पट्ट्या सुट्या झाल्या. माणूस वाईट नव्हता. सर्टिफिकेट पाहून त्याने हिंदीतून हळूच विचारलं म्हणे, की बेटी, तुला शिकवलं कुणी? तिने नाव सांगितलं नाही. मी तेव्हा फाटकाबाहेर उभा होतो. येताना बसमध्ये चेतननेच मला हे सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

रॉडचा निधी आला आहे. कपाट भरलंय. पास झालेल्या मुलांना शेडमध्ये घेता येत नाही, तरी प्राचार्य म्हणाले, तुमच्या भाचीला आणा थोडे दिवस, कोण विचारतंय. मी अजून तिला नेलेलं नाही.

काय लिहायचं ते लिही. मी वाचेन.
प्रदीप


नंदुरबार
१ ऑक्टोबर २०२४

प्रदीप,
जय भीम.

पोरीला गाडीत बसवून दे. उधन्याहून सरळ गाडी आहे, तिला सोडायला यायची गरज नाही.

तू चोर असतास तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. दारू पीत असतास तरी जगाला सांगता आलं असतं. आता लोकांना काय सांगू, की माझा भाऊ फार सरळ आहे? सगळ्या पोरांचा तू सर झालास. हिचा मामा कोण झालं?

तब्येतीला जप.
छाया


नंदुरबार
१५ डिसेंबर २०२४

ती. मामांना,
विशाखाचा जय भीम व सा. न.

तुमचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. आई जवळ होती असं म्हणता येईल, पण नव्हती.

मिरचीचा हंगाम जोरात आहे. मी आईबरोबर पथारीवर जाते. बायका म्हणतात, पहिल्या वर्षी बोटं चुरचुरतात, मग कातडी शहाणी होते. आई माझ्या शेजारी बसत नाही, लांबच्या ढिगाकडे जाऊन बसते. बसस्टँडजवळ ग्रिल-फाटकांचं एक दुकान आहे, तिथे विचारून आले. मालक म्हणाला, येतं त्याला काम देतो, शिकवायला मला सवड कुठे आहे. मी सर्टिफिकेट दाखवलं. त्याने ते नीट घडी करून परत दिलं.

चेतनचा फोन येतो. तो सारखी माफी मागतो. मी त्याला सांगितलं की बाबा रे, तू काय केलंस? मामा, तुमच्यावरही माझा राग नाही. खरंच नाही का, ते मी अधूनमधून तपासून पाहते, ही सवय तुमचीच लागली. कुणाचं काही तुम्ही हिसकावलं नाही, एवढं मी कुणाहीपुढे सांगेन.

नव्या वर्गात यंदाही एक मुलगी आली आहे असं चेतनकडून कळलं. रॉडही आता भरपूर आहेत. मला तिचं नाव माहीत नाही. ती तुमच्या नात्यातली नसू दे, एवढंच वाटतं.

मामींना नमस्कार. आठवण ठेवा.
तुमची भाची
विशाखा