पाहुणीची चिठ्ठी

दि. ९ जून

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, काळजी करू नकोस. तशी तू फारशी करत नव्हतीसच. तुझे भावजी सकाळी दुकान उघडतात, दिवसभर मशीनवर वाकून शिवतात आणि संध्याकाळी पाठ धरून घरी येतात. छत गळत होतं, ते एकदाचं नीट करून घेतलं.

तुझं पत्र मिळालं. हॉस्पिटलने तुला राहायला दोन खोल्या दिल्या, रात्रपाळी सुटली, आणि येत्या रविवारी तू तुझ्या ठकूला कायमची न्यायला येतेस. वाचून आनंद झाला. भावजींनाही वाचून दाखवलं. ते उठून दुकानात गेले, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तू विचारलंस, पोर पाच वर्षांची झाली, अक्षरओळख तरी आहे का. अक्षरओळख काय विचारतेस, ती घडाघडा वाचते. गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली, घरातली कशी राहील? माझी पद्धत तुला आठवत असेलच, तूही त्यातूनच गेलीस. घरभर चिठ्ठ्या. दारावर 'दार', आरशावर 'आरसा', बादलीवर 'बादली'. पोर वस्तू बघते, चिठ्ठी बघते आणि शब्द डोक्यात बसतो. एकदा बसला की निघत नाही. तिला तर चिठ्ठ्यांचं वेडच लागलं. नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता, त्याच्या पाठीवर हिने 'नळ' चिकटवून दिला. तो बिचारा तसाच बाजारभर फिरला.

एवढ्या चिठ्ठ्यांना पुठ्ठा कुठून आणला असं वाटेल तुला. तू तिच्यासाठी पाठवलेली अक्षरांची कार्डं. पेशंट झोपले की बसून काढायचीस ना ती? चित्रं सुरेख होती, खोटं कशाला बोलू. पण पुठ्ठा जाड आणि मागची बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी शब्द लिहिले आणि चित्राच्या बाजूला डिंक लावला. तुझं कमळ मोरीच्या दाराला आहे, तुझं घर पिठाच्या डब्याला. काही वाया गेलं नाही.

फोन केला की ती नेमकी झोपलेली असते, अशी तुझी तक्रार. अभ्यासाने पोर दमते, त्याला मी काय करू? आणि तुझा आवाज ऐकला की बावरते, मग दिवसभर लक्ष लागत नाही. शिकवताना एक काहीतरी धरावं लागतं.

वस्तू संपल्या, मग आम्ही माणसं घेतली. भावजींच्या शर्टाला पिनेने 'काका' लावलं. माझ्या खांद्याला 'आई'.

हे तुला कळवायचं नव्हतं असं नाही. राहून गेलं.

भावजींनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "दाराला दार लिहितेस, कारण ते दार आहे. ही चिठ्ठी खोटी आहे. काढ ती."

मी म्हटलं, "तिला वाचता येतं ना? मग पुरे."

"उद्या मोठी झाली की विचारेल."

"विचारू दे. वाचायला कुणी शिकवलं तेही आठवेल."

तेव्हापासून ते स्वतःची चिठ्ठी दुकानात जाताना काढून ठेवतात आणि परत लावायला विसरतात. विसरू देत बापडे.

ठकूने पहिल्या दिवशी हट्ट केला. मावशी, मावशी, मावशी. मी म्हटलं, चिठ्ठी वाच. वाचल्याशिवाय ताट नाही हा आपल्या घरचा नियम, तुलाही होता. भात समोर गार झाला. मग वाचलं तिने. दुसऱ्या दिवशी लवकर वाचलं, आणि पुढे तर चिठ्ठीकडे बघायचीही गरज उरली नाही. हल्ली बोलताना जरा अडखळते, पण वाचताना मुळीच नाही, आणि शाळेत किंमत वाचनालाच असते.

तू म्हणशील, ताई दुष्ट आहे. म्हण. आई गेल्यावर मी तुला मांडीवर घेऊन शिकवलं, माझं शिक्षण सोडून. तुला स्वतंत्र लिहिता आलं, आणि तू काय लिहिलंस? आरशाला चिकटवलेली चिठ्ठी, 'मी जाते, शोधू नका.' अक्षर छान होतं, माझंच वळण. मग नवरा वारला तेव्हा दोन वर्षांची पोर घेऊन याच दारात उभी राहिलीस. म्हणालीस, ताई, सहा महिने सांभाळ. सहाचे छत्तीस झाले. माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना? बघ, उरले मी. पण आता मला नुसतं उरायचं नाही. एकदा तू मला रिकामी करून गेलीस, दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही असं लिहिणार होते, पण रागानेच लिहितेय.

नेऊ नकोस असं मात्र मी म्हणत नाही. जन्म तू दिलास, कायदा तुझ्या बाजूने आहे. हाताला धरून ने. फक्त जाताना ती कुणाला हाक मारून रडते, तेवढं ऐकून जा.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या खांद्यावरची चिठ्ठीही तुझ्याच कार्डाची आहे. तू स्वतःला काढलं होतंस ना, डोक्यावर नर्सची टोपी, मांडीवर पोर, खाली 'आ आईचा'? तेच. चित्र आतल्या बाजूला. परवा पीन सुटली आणि कार्ड उलटं पडलं. ठकूने उचललं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही क-कोण?"

मी म्हटलं, "पाहुणी आहे. रविवारी आपल्याकडे येणार आहे."

खाली लिहिलेलंही तिने वाचलं असणार. माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पीन परत लावून दिली. जेवायची वेळ झाली होती.

मग म्हणाली, "पाहुणीला चिठ्ठी नको?" आणि कुणी न सांगता बसली लिहायला. 'पाहुणी'. अवघड शब्द, पण एक काना चुकला नाही. भावजींच्या दुकानातून झाकलेल्या टोकाची पीन मागून आणली, तुला टोचू नये म्हणून. रविवारी दारातच लावेल. काढू नकोस, हिरमुसते. आणि घाईघाईने 'अगं मी तुझी आई' असं म्हणायला जाऊ नकोस. ती बोट ठेवून सांगेल, चिठ्ठी वाच. वाचल्याशिवाय ती कुणाला ताट देत नाही.

तिचं अक्षर तू अजून बघितलेलं नाहीस. म्हणून खालची सही मी करत नाही. तिला जवळ बोलावलं, हातात पेन्सिल दिली आणि विचारलं, हे पत्र कुणी लिहिलंय ते लिही बघू. मी हात धरला नाही, चिठ्ठीही काढून ठेवली होती.

आई