हरताळातला सराव

बाबा, माझ्या शर्यतींना तुम्ही शेवटपर्यंत शर्यत म्हणाला नाहीत, ‘मस्ती’ म्हणायचात. टॅक्सीवर तुमच्यानंतरची पाळी सांभाळील असा धडधाकट मुलगा जुहूच्या विमानपट्टीवर गोल गोल गाडी पळवतो आणि परत तिथंच येतो, याचं तुम्हाला हसूही यायचं आणि संतापही. मी मात्र ठरवून बसलो होतो. पोटासाठी गाडीच चालवायची, पण भाड्याची नव्हे. लोअर परळच्या ज्या गॅरेजात मी कामाला होतो, तिथल्या शेठनं आपली उघडी विलायती गाडी शर्यतीसाठी माझ्या हातात दिली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि पहिल्याच वळणाला मी माती खाल्ली, तीही तुमच्या शिकवणीमुळं. करी रोडचा पूल उतरताना, हवालदाराचा हात दिसला की, वळण आलं की गाडी न्यूट्रलला टाकायची, तेवढंच पेट्रोल वाचतं, हे तुम्ही माझ्या हाडात मुरवलं होतं. भर वेगात माझा हात आपसूक गेला. इंजिनानं चाकं सोडली, एकट्या ब्रेकला गाडी आवरेना आणि मी गरगरत गवताच्या पेंढ्यांत. शेठ एवढंच म्हणाला, “पुन्हा असं झालं तर गाडी दुसऱ्याला.” म्हणजे माझं संपलंच होतं.

मला वाटलं, तुम्ही म्हणाल, बरं झालं, सुटलो एकदाचे. पण तुम्ही हातातली बशी खाली ठेवलीत. “माझो झील, माझ्याकडंच शिकलेलो, गाडी घुमवता? माझा नाक कापलंस! आता ही खोड मीच काढतलंय.”

नेमका दुसऱ्या दिवशी हरताळ. मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, असं तुम्हीच स्टँडवर सगळ्यांना बजावून आला होतात. गिरण्यांचे भोंगे गप्प, लालबागच्या नाक्यावर पोलीस, लांबून घोषणा. आणि चाळीसमोरच्या उभ्या टॅक्सीत तुम्ही मला बसवलंयत. “चाक फिरवचा नाय. हात फिरव!” शेजारी तुम्ही, हातात छत्री. तोंडानं इंजिनाचा घरघराट काढताय आणि मधेच ओरडताय, “वळण इला!” माझा हात न्यूट्रलकडं वळला रे वळला की छत्रीचा दांडा बोटांवर. गॅलरीतून शेजारच्या वयनी विचारतात, “काय हो भावजी, हरताळ फोडतास काय?” तुम्ही मान वर न करता, “गाडी जाग्यार असा, वयनी. झीलाची खोड मोडतंय.” अख्खी चाळ हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण उठलो नाही. तुमचा घसा बसला, माझी बोटं सुजली, आणि मग तुम्ही शांतपणे टोपी घालून मोर्चाला निघून गेलात.

पुढच्या शर्यतीत त्याच वळणाला मी गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं, पण गाडी हाताखाली राहिली. दुसरा आलो. शेठनं गाडी माझ्याकडंच ठेवली आणि तिथून माझी रोजीरोटी सुरू झाली. मद्रास, कलकत्ता, मिळेल तिथं गेलो, हाडं मोडून घेतली, पुन्हा बसलो. मुंबईतल्या प्रत्येक शर्यतीला तुम्ही यायचात आणि प्रेक्षकांच्या दोरीपाशी डोळे गच्च मिटून उभे राहायचात, हे मला आईकडून कळलं. किती चिडलो होतो मी! आलात कशाला मग, म्हणून भांडलो. तुम्ही म्हणालात, “माका काय बघूचा नाय. तू चलव.”

तुम्ही गेलात आणि तेरावं झाल्यावर चारच दिवसांनी शर्यत होती. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. मी गेलो. मुंडन केलेल्या डोक्यावर हेल्मेट सैल बसत होतं, आतून कापड कोंबलं. झेंडा पडायच्या आधी माझे पाय लटपटू लागले. इतक्या वर्षांत कधी नाही ते. आधी कळेचना काय होतंय. मग कळलं. तोवर आपल्या दोघांतलं घाबरायचं काम तुम्ही करत होतात.

त्या दिवशी ते मी केलं, आणि गाडीही चालवली. त्यानंतरही कितीतरी वर्षं दोन्ही केली. पेपरवाले निडर म्हणायचे, मीही म्हणू दिलं. खरं काय ते फक्त तुम्हाला सांगतोय, आणि तेही तुम्ही ऐकणार नाही म्हणून.