हं म्हटलं की गिअर

४ फेब्रुवारी

आज ह्यांनी "हं" म्हटलंच नाही! पुलाच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळतेय, माझा हात दांड्यावर तयार, आणि हे ओठ दाबून समोर बघत बसलेले. मागून हॉर्न. शेवटी मीच विचारलं, "देऊ का?" तर म्हणाले, "थांब गं जरा." कपाळावर घाम. पाय क्लचवर ठेवलेला, पण दाबवत नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. मुंग्या आल्यात."

मुंग्या म्हणे! मुंग्यांसाठी माणूस श्वास धरून बसत नाही.

ह्या वहीत हे कधी लिहिलंच नसेल, म्हणून लिहून ठेवते. सव्वीस वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली आणि आठवड्याच्या आत वर्कशॉपमध्ये ह्यांचं डावं मनगट मोडलं. रजा मिळेना. लेकीची शाळा, माझं चष्म्याचं दुकान, ह्यांचं काम, सगळं एकाच रस्त्यावर. मग हे चालवायचे आणि क्लच दाबून "हं" म्हणायचे, की शेजारी बसून मी उजव्या हाताने गिअर बदलायचा. एकदा "हं" म्हणजे वरचा. दोनदा म्हणजे खालचा. प्लास्टर निघालं, पण माझा हात काही दांड्यावरून निघाला नाही. ह्यांनीही कधी काढ म्हटलं नाही. एकटे असले की आपले आपण बदलतात. मी बसले की डावा हात मांडीवर!

९ फेब्रुवारी

गॅरेजवाले भाऊजी, म्हणजे ह्यांचे वर्कशॉपमधले जुने दोस्त, आज गाडीच्या पोटाखालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "वहिनी, हिला आता हात जोडा. घरघर लागलीय."

मला वाईट वाटलं. ह्यांना वाटलं असेल असं समजून मी बघितलं, तर स्वारीच्या डोळ्यांत चमक! निवृत्त झाल्यापासून हे एका गाडीची चित्रं बघत बसतात. आखूड, बसकी, रुंद टायरांची, मागे दोन धुराडी. आकाराने आपल्या जुनीएवढीच, पण अंगात चौपट जोर. तिला म्हणे हॉट हॅच म्हणतात. मी म्हटलं, हॉट म्हणजे, ताप आलाय का तिला?

हसले नाहीत. प्रेमात पडलेल्या माणसाला विनोद कळत नाही.

१२ फेब्रुवारी

शोरूममध्ये गेलो. लाल रंगाची होती. हे तिच्याभोवती तीनदा फिरले, चाकाजवळ वाकले, आणि उठताना बॉनेटचा आधार घेतला. मी पाहिलं ते. 

विकणाऱ्याचा टाय सारखा खांद्यावर जात होता, म्हणून मी त्याचं नाव टायवाला ठेवलं. माणूस भला. फॉर्म पुढे ओढून म्हणाला, "तर काका, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?"

"मॅन्युअल," हे म्हणाले.

"ऑटोमॅटिक," मी म्हणाले.

एकाच वेळी! टायवाल्याने पेनाला टोपण लावलं.

मग त्याने समजावलं की ऑटोमॅटिकला क्लच नाही, दोनच पेडल, गिअर आपोआप पडतात, आणि हल्ली तर माणसापेक्षा जलद पडतात. हे म्हणाले, "जलद कुणाला हवंय?" शहरातली सगळ्यांत पळणारी छोटी गाडी घ्यायला आलेला माणूस हे बोलतो!

मी ऑटोमॅटिक म्हटलं ते त्या पायासाठी. दुसरं काही नाही. 

१३ फेब्रुवारी

दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होते. "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" जन्म गेला हा प्रश्न विचारण्यात. आज एक आजोबा म्हणाले, "बाई, दोन्ही सारखीच दिसतात, तुम्हीच ठरवा." म्हटलं, आजोबा, तुम्हीही?

१६ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरकडे ओढून नेलं. मुंग्या नाहीतच! डाव्या गुडघ्याची गादी झिजलीय. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी. "क्लच विसरा. रहदारीत शंभर वेळा पाय दाबायचा, म्हणजे शंभर वेळा हाडावर हाड. उद्या ऐन गर्दीत पाय उचललाच नाही, तर?" हे छताकडे बघत होते.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मग प्रश्नच कुठे आहे? ऑटोमॅटिक घ्या. आणि आई, तू आता तरी हात मांडीवर ठेव!"

हसून बोलली. तिला काय माहीत! आम्ही दोघं घरात फार बोलत नाही. भांडण नाही, तसं काही नाही. बोलण्यासारखं बोलून झालंय इतकंच. पण गाडीत ह्यांनी "हं" म्हणायचं आणि मी द्यायचा, हे दिवसातून शंभरदा चालतं. आताशा तर हे म्हणायच्या आधी मला इंजिनावरून कळतं. ऑटोमॅटिक आली की मी शेजारी बसायचं पार्सलसारखं. पत्ता लिहिलेलं, गप्प.

लिहिलं एकदाचं. आता ह्यावर विचार करायचा नाही. गुडघा महत्त्वाचा.

२२ फेब्रुवारी

फजिती! लिहितानाही कान गरम होतायत.

ऑटोमॅटिक चालवून बघायला गेलो. हे चालवत होते, मी शेजारी, टायवाला मागे. रस्ता मोकळा. गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. गुडघाही आरामात. मी मनात म्हटलं, झालं, हीच घ्यायची.

आणि वेग वाढला तसं हे सवयीने म्हणाले, "हं."

आणि मी सवयीने दिला! तिसरा म्हणून दांडा पुढे ढकलला. तो गेला न्यूट्रलमध्ये. इंजिनाने असा टाहो फोडला की टायवाला मागून ओरडला, "मॅडम! मॅडम, हात! हात काढा!" हे सुद्धा गोंधळून नसलेला क्लच दाबायला गेले आणि लागला ब्रेक. टायवाला दोन सीटच्या मधून अर्धा पुढे आला, टायसकट.

कडेला थांबलो.  मग मला हसू फुटलं, ते आवरेना. टायवालाही हसला बिचारा. हे नाही हसले. माझ्या हाताकडे बघत राहिले. मी तो पदराखाली घेतला होता, चोरी पकडल्यासारखा.

परत आल्यावर हे टायवाल्याला म्हणाले, "ही नको. मॅन्युअलच."

घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. कशासाठी, ते मी वर लिहिलंय.

२३ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, डॉक्टर काय गंमत म्हणून बोलली? म्हणाले, "माझा गुडघा मी बघीन." मी म्हटलं, हौसेलाही काही मोल असतं! तीन पेडल नसली तर मर्दानगी कमी होते का? आणि मग जे बोलू नये ते मी बोलले. "म्हातारपणी कुणाला तरुणपण दाखवायचंय?"

 हे चप्पल घालून बाहेर गेले. जिन्यात एकेक पायरी उतरताना आवाज येत होता. एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा.

२४ फेब्रुवारी

अबोला. चहा दोघांनी आपापला केला. ह्यांचा उतू गेला. पुसला मी.

१ मार्च

जुन्या गाडीतलं सामान काढायला एकटीच गॅरेजमध्ये गेले. छत्री, नकाशा, लेकीची लहानपणची एक रबरी चप्पल. भाऊजी टोपलीत भरून देत होते. मी म्हटलं, तुमच्या मित्राला जरा अक्कल शिकवा. गुडघा जाळून घेतोय त्या क्लचपायी, हट्टी मेला.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हट्टी आहे खरा. पण तुम्हाला वाटतं तसा नाही. ऑटोमॅटिक त्याला मनापासून आवडली. परवा इथे बसून तासभर तेच सांगत होता. मी म्हटलं, मग घे की. तर म्हणाला..."

 मी म्हटलं, बोला आता.

"म्हणाला, मग तिने काय करायचं?"

टोपली तिथेच ठेवून मी जुन्या गाडीत जाऊन बसले. डावीकडे, माझ्या जागेवर. दांड्यावरची मूठ माझ्या तळव्याने गुळगुळीत झालीय, आकडेसुद्धा पुसलेत. तरुणपण दाखवायचंय म्हणाले मी ह्यांना! जीभ झडली कशी नाही माझी!

रात्री जेवताना म्हटलं, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले."

"कुठल्या दिवशी?" म्हणाले. असे आहेत.

३ मार्च

मॅन्युअल घेतली तर ह्यांचा गुडघा जातो. ऑटोमॅटिक घेतली तर माझा हात. आधीचं स्पष्ट की आत्ताचं? परत दाखवा, परत दाखवा.

एक तिसरी काच आहे. ती मी बावीस वर्षं डबीतून काढलेली नाही. तेव्हा ह्यांनी मला मैदानात गाडी शिकवायला घेतली होती. दुसऱ्याच दिवशी मी फाटकाचा खांब ठोकला. लेक मागे बसली होती. तिच्या भुवईवर दोन टाके. हे एक शब्द रागावले नाहीत. मीच उतरले ती परत उजवीकडे बसले नाही.

६ मार्च

"दुकानात लवकर जायचंय" अशी थाप मारून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरला. फोटो चोरासारखा आलाय.

१९ मार्च

पहिला धडा. शिकवणारी बाई लेकीच्या वयाची, च्युइंग गम चघळणारी. म्हणाली, "काकू, क्लच दाबा आणि पहिला टाका."

मी क्लच दाबला आणि उजवा हात धाडकन दारावर आपटला! दांडा दारात शोधत होते मी!

पुन्हा म्हणाली, पुन्हा दारावर. तिसऱ्यांदा हात बटणावर पडून दाराची काच खाली गेली. ती म्हणाली, "काकू, तुम्ही आधी कुठे चालवायचात?" सगळं सांगितलं. चघळायची थांबली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला गाडी येते. फक्त चुकीच्या बाजूने."

बोटं सुजलीत. ह्यांना सांगितलं, दुकानाच्या शटरमध्ये सापडली.

२५ मार्च

आज चार वेळा गाडी बंद पडली. फाटक दिसलं की ब्रेकच दाबला जातो. बाई म्हणाली, खांबाकडे बघू नका, जायचं तिकडे बघा.

२ एप्रिल

बाई म्हणे, "गिअर कधी बदलायचा हे मी लोकांना महिनाभर शिकवते. तुम्हाला ते सांगावंच लागत नाही." घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते! आणि हे सांगायला एकच माणूस, त्यालाच सांगता येत नाही.

२४ एप्रिल

पास!! चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगितली. काढली! मागे एक इंच आली नाही.

२६ एप्रिल

शोरूम.  टायवाल्याने आम्हाला बघून पाणी मागवलं आणि फॉर्म जरा लांबच ठेवला. "तर काका, काय ठरलं?"

"ऑटोमॅटिक," हे म्हणाले.

"मॅन्युअल," मी म्हणाले.

टायवाल्याने डोळे मिटले.

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, आता मी तुझं ऐकतोय तर तू... रात्री जिना चढताना पडलो असतो काल. तुला सांगितलं नाही. डॉक्टर बरोबर होती. आता क्लच दाबवत नाही मला." आवाज इतका लहान की मी पहिल्यांदाच ऐकला तो.

"तुम्ही नाहीच दाबायचा," मी म्हटलं, आणि पर्समधून लायसन्स काढून फॉर्मवर ठेवलं.

ह्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ते अगदी जवळून वाचलं. मग उलटं करून वाचलं. मग माझ्या हाताची बोटं बघितली, अजून थोडी काळी आहेत. "शटर," म्हणाले. आणि खिशात रुमाल शोधायला लागले.

१५ मे

लाल गाडी आली. उजवीकडे मी बसले, डावीकडे हे, हात मांडीवर, अगदी पार्सलसारखे.

डाव्या हाताने मला येतं आता. तरी पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं तेव्हा मी क्लच दाबला, हात स्टिअरिंगवरच ठेवला, आणि म्हटलं, "हं."

आधी कळलंच नाही ह्यांना. मग कळलं. उजवा हात दांड्यावर आला आणि दिला थेट पाचवा! गाडी गचके खायला लागली, मागून हॉर्न.

"उजव्या हाताने कधी दिलाय मी?" म्हणाले, लहान मुलासारखे.

"होईल सवय," मी म्हटलं. क्लच पुन्हा दाबला. "हं, हं."