शुक्रवारची दोन टेबलं

हॉलम कॉर्नर्स, कनेटिकट
ईस्टरनंतरचा मंगळवार

गेन्याताईस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. (तू मनात "सदासर्वकाळ" म्हणाली असशील असं धरून पुढे लिहिते.) आम्ही देवाच्या दयेनं बरे आहोत, म्हणजे डोळ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या नवरोबांना, स्टाखला, माझ्या सगळ्या चुका स्पष्ट दिसतात, गाडी चालवण्यापुरतं मात्र दिसत नाही. तुझा गुडघा कसा आहे? मलम पुरवून पुरवून लाव, पण लाव. आम्ही ईस्टरची अंडी रंगवली, कांद्याच्या सालींनीच. विकतचा रंग आणला नाही.

आता वाईट बातमी. आमच्या शनिवारच्या शाळेचं अनुदान बंद झालं, आणि ते माझ्यामुळे.

आमच्या या गावाची शाळा आणि तुमच्या ब्रँडफील्ड शहरातल्या शाळा यांनी मिळून ते पैसे राज्याकडून मिळवले होते. इकडची मुलं इकडचीच तोंडं बघत वाढतात, शहरातली तिकडची, मध्ये एक टेकडी काय ती, पण समुद्र असावा तसं. अट एकच, दोन्हीकडची गोरी-काळी सगळी मुलं मिसळली पाहिजेत. शनिवारी बस तुमच्याकडची मुलं घेऊन यायची आणि सगळी मिळून नदीचं पाणी बाटल्यांत भरून त्यातले किडे बघायची. (किडे पहिल्या दिवशीच मिसळले. मुलं आपापला काठ धरून.) खरी मिसळली ती दोघंच, आमची सेलिना आणि शहरातली ओपल. माझी लेक हलीना गेल्यापासून तिचं हे पोर शाळेत कोणाशी बोलत नाही. बाई म्हणतात, शांत मुलगी आहे. शांत कसली, ताई, फळी लावलेलं दुकान ते! पण ओपल बसमधून उतरली की हिची बडबड चर्चपर्यंत ऐकू यायची. म्हणून ते अनुदान टिकावं असा मी रोज जपमाळेत एक जप जास्तीचा करत होते. किड्यांशी मला कर्तव्य नव्हतं.

तर पाहणीला वरून एक गृहस्थ येणार होते. ठरलं की त्या दिवशी सगळ्या घरांनी एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. हिशेब माझ्याकडे (शाळेत शिकलेलं गणित कुठेतरी वापरायला हवं ना), म्हणून दिवसही मीच ठरवला, शुक्रवार. कारण ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतातच; शेगडी पेटलेली, तेल तापलेलं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅस का जाळा? पण मग मनात आलं, आपल्याला शुक्रवारी मासे चालतात, मांस नाही, पण बाप्टिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट मंडळी मांस खातात, आणि आपला एखादा कॅथलिक जीव गर्दीत चुकून हॅम उचलायचा. म्हणून हॉलच्या एका टोकाला एक टेबल, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि दोन्हींवर माझ्या सुवाच्य अक्षरात पाट्या: "मांस" आणि "मांस नाही". स्टाख म्हणाला, "मधे कुंपण घालायचं राहिलं." मी लक्ष दिलं नाही.

ओपलची आजी, बर्डेटबाई, परातभर तळलेली कोंबडी घेऊन आल्या. पाटी वाचून म्हणाल्या, "काय हो याद्विगाबाई, माझी कोंबडी बाटलेली आहे का?"

मी म्हटलं, "तसं नाही हो, आज शुक्रवार."

"बरं बाई. आमच्या देवाला सगळे वार सारखे."

आणि ताई, मग काय आक्रीत झालं म्हणतेस! शहरातले पोर्टोरिकन कॅथलिक. ते आपल्या पोलिश मंडळींत येऊन बसले, त्यांचे माशाचे वडे आणि आपले बटाटा भरलेले पिएरोगी एका ताटात. तिकडे गावातले जुने कडक गोरे प्रोटेस्टंट त्या कोंबडीवर असे तुटून पडले की बर्डेटबाईंना बसायला जागा उरेना. गावं इतकी कधीच मिसळली नव्हती. वेगळ्या पडल्या त्या फक्त दोन मुली. सेलिना आपली माशाची थाळी घेऊन ओपलच्या टेबलाकडे निघाली, आणि मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "तिकडे मांस आहे. इथंच बस."

नेमके तेव्हाच ते गृहस्थ दारात. त्यांना दिसलं काय, तर दोन टेबलं, दोन पाट्या, आणि काळ्या मुलीपासून आपली नात ओढून नेणारी एक गोरी म्हातारी. पाट्या कोणी लिहिल्या, त्यांनी विचारलं. मी म्हटलं मी. कशासाठी? म्हटलं, आत्म्याच्या तारणासाठी. त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, पसंत पडलं.

बर्डेटबाई त्यांच्यामागे दारापर्यंत धावल्या. "अहो, ही बाई मनानं वाईट नाही, नुसती कॅथलिक आहे!" पण ते गेले.

भांडी विसळताना फादर म्हणाले की चौदा वर्षांखालच्या मुलांना हा नियमच नाही. आमची सेलिना दहाची. माझ्या हातातली बशी फुटली. (चर्चची होती, भरून दिली.)

काल कळलं, पैसे दुसऱ्या गावांना गेले. मुलांना वेगळं बसवण्याची लेखी व्यवस्था आढळली म्हणे. मे संपला की मुलांची बस बंद. सेलिनाला सांगितलं. ती "बरं, आजी" म्हणाली आणि ताटातलं सगळं संपवलं. ज्या पोरीच्या मागे घास घेऊन फिरावं लागतं तिनं! रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं.

असो. दोष माझा, इच्छा देवाची. तू तब्येतीला जप.

तुझी धाकटी,
याद्विगा

ता. क. आमच्याकडून शहराला शनिवारी सकाळी एकच बस जाते, संध्याकाळी तीच परत येते. मी सेलिनाला घेऊन दर शनिवारी तुझ्याकडे आले तर चालेल का? आमचा डबा आम्ही आणू. बर्डेटबाई शनिवारी दिवसभर कामावर असतात, म्हणून ओपलही तुझ्याकडेच येईल. पुढच्या दारानं, ताई, मागच्या नाही.

आणखी एक. बर्डेटबाई तुझ्या समोरच्याच पिवळ्या घरात राहतात. इतकी वर्षं तू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस, हे त्यांनी मला सांगितलं. तू कधी सांगितलं नव्हतंस.

शेवटचं. तू रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्यांच्याकडे जाशील असं मी कबूल करून बसले आहे. त्यांनी विचारलं, "ती पडदे लावून घेणारी?" मी म्हटलं, तिचे डोळे अधू आहेत, उन्हाचा त्रास होतो. तेवढं सांभाळून घे. नाहीतर पडदे उघड, म्हणजे मी खोटी पडेन, आणि मला चालेल.