भिंतीवरचा आकडा

केडगाव, शुक्रवार, संध्याकाळचे सात

आज टॅग, म्हणजे कोडवर आवृत्तीच्या क्रमांकाचा शिक्का, मी लावला नाही. नवा कोड मुख्य शाखेत, म्हणजे मूळ प्रतीत, गेला, चाचण्या पास झाल्या, आवृत्तीचा क्रमांक आपोआप पडला आणि आमचं दूध संकलनाचं ॲप सगळ्या केंद्रांवर पोचलं. मी नुसती बघत होते. वाईट वाटलं का? नाही. मान मोकळी झाली.

मागच्या वेळी मी हाताने लावलेला टॅग जुन्याच कोडवर बसला. जामखेडकडच्या केंद्रावरचे भाऊसाहेब ॲपचा क्रमांक खडूने भिंतीवर लिहितात. दूध घालणारे तो वाचतात. क्रमांक नवा, पण चूक जुनीच: सकाळचं दूध पुन्हा संध्याकाळच्या पाळीत नोंदलं गेलं. तेव्हापासून त्या भिंतीवर कुणाचा विश्वास नाही. माझ्यावर तरी कुठे होता?

मघाशी त्यांचा फोन आला.

"ताई, नवा आकडा आलाय. लिहू का भिंतीवर?"

"लिहा."

"मागल्या बारीलाबी तुमी लिहाच म्हनला हुता."

खरंच होतं ते.

"या वेळी टॅग मी लावलेला नाही, भाऊसाहेब. मशीनने लावलाय. चाचण्या पास झाल्याशिवाय ते लावतच नाही."



"मग लिवतो," म्हणाले.

माझ्यापेक्षा मशीनवर त्यांचा जास्त विश्वास, याचा राग यायला हवा होता. मी चहा टाकला.