दिसलं की समजायचं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. लाँड्रीतली नवी इस्त्री गिऱ्हाइकांच्या आधी तुलाच चटके देते हे ऐकून हसलो, रागावू नकोस. हे मी बोलक्या कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करतोय. चुका पोटात घाल.

ताई, माझे डोळे गेले तेव्हा टिचकी हिच्या पोटात होती. लेक आता शाळेत जायला लागली, पण तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. स्वप्नात मात्र मला अजून दिसतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्यातले रंगाचे डबे, रस्ते, माणसं, सगळं. हल्ली ते विटत चाललंय. जन्मभर रंग जुळवले मी, मला कळतं ना. आधी लाल गेला. परवा आई आली, तर चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड.

रेडिओवर ऐकलं, की स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे अशी जाग ठेवता येते, आणि मग हवं ते बघता येतं. शिकता येतं म्हणे. सगळं विझायच्या आत मला एकदा टिचकीला बघायचंय. वाचनालयात काही मिळतं का बघशील? हिला सांगितलं, तर हिने भांडी जोरात घासली.

तुझ्या मायेवरच हे मागणं,
नानू

१९ फेब्रुवारी

चि. नानूस अ. उ. आ.

आणि हे वाचून दाखवणाऱ्या माझ्या भावजयीलाही. बाई गं, मधली वाक्यं गाळू नकोस, मला कळेल.

पुस्तक मिळालं. नवशिक्याने उठल्याबरोबर स्वप्न कुणाला तरी सांगून ठेवायचं. झोपताना एकच वाक्य घोकायचं. आणि दिवसभर अधूनमधून आपली बोटं मोजायची, म्हणजे स्वप्नातही ती सवय राहते. तिथे बोटं कमीजास्त निघतात आणि हे स्वप्न आहे हे माणसाला कळतं. हे वाचलं आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या मला रडूच आलं. इतरांना बोटं मोजावी लागतात रे. तुला दिसलं की समजायचं. हेच तुझं वाक्य.

पण झोपेला कामाला जुंपू नकोस. डॉक्टरांच्या कानावर घाल. आमचे हे म्हणतात, त्यांना जागेपणीच काही सुधरत नाही, स्वप्नात काय जाग ठेवणार.

जेवत जा, कळवत जा,
ताई

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोपं वाटलं होतं ना आपल्याला? दिसलं की मी इतका हरखतो, की वाक्य पार पुसून जातं. वाटतं, डोळे आले! काल भर उन्हात रस्त्यावर उभा होतो. लोकांचे हात धरधरून सांगत होतो, की डॉक्टर चुकले, मला दिसतंय. टिचकीला बघायला घराकडे धावत सुटलो. जिन्यातच जाग आली. डोळे उघडले आणि काहीच बदललं नाही.

ताई, डोळे एकदाच गेले होते. आता रोज सकाळी जातात.

तरी सोडणार नाही. जास्त झोपलं तर जास्त वेळा दिसेल, म्हणून दुपारीही पडतो. दवाखान्यात फोन घ्यायचं काम सध्या बंद ठेवलंय. पिवळाही गेला, ताई. फार दिवस उरले नाहीत.

विसरू नकोस मला,
नानू

१२ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न.

यांना न सांगता लिहितेय. हे दिवसदिवस अंथरुणातून उठत नाहीत. दवाखान्यातून दोनदा निरोप आला, यांच्या जागी दुसरं माणूस घेऊ म्हणून. टिचकी घरात पाय न वाजवता चालायला शिकली आहे. काल मला विचारत होती, बाबा झोपेत कुणाला भेटायला जातात. तुलाच गं, असं म्हणायचं तोंडावर आलं, पण म्हणवेना.

ताई, तुमचं ऐकतील. मला आता शब्द सुचत नाहीत.

तुमच्याकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भावजय

३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चांगलं फैलावर घेतलंस. हिने तुझं पत्र एकही शब्द न गाळता वाचलं, उलट काही वाक्यं दोनदा. सोमवारपासून कामावर जातोय. पण झालं ते तुला सांगायलाच हवं.

जमलं, ताई. कारखान्यात होतो. माझा हात दिसला आणि वाक्य आठवलं. धावलो नाही, ओरडलो नाही. टिचकीला हाक मारली. डब्यांच्या फळीआडून ती आली, चेहऱ्यासकट. गाल, जाड भुवया, कपाळावर बट. डोळे भरून पाहिलं. उठल्यावर हिला बारीकसारीक सगळं सांगितलं आणि विचारलं, अशीच आहे ना? हिने मला आजवर कधी फसवलेलं नाही. म्हणाली, या तुमच्या ताई आहेत, भिंतीवरच्या लहानपणच्या फोटोतल्या.

रागावू नकोस, पण तुझा चेहरा बघून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

टिचकी दारातून सगळं ऐकत होती. मी अशी नाहीच, म्हणून फणकारली आणि खाटेवर चढली. माझं बोट धरून पडलेल्या दाताच्या जागेवर ठेवलं. मग कान, मग कोपराची खपली. मी मनात चेहरा जुळवायला गेलो, काही जुळेना, काळोख तसाच. केस कसल्या रंगाचे विचारलं, तर म्हणाली काळे, सगळ्यांचे असतात तसे. तेव्हा मात्र मी ढसाढसा रडलो. तिने मला चांगलंच दटावलं, की हलू नका, अजून माझी पाठ बघायची राहिली आहे.

सवड काढून ये. वाट बघतोय,
नानू